तोंडातच राहिलेली वाक्यं

कनाशीच्या पलीकडल्या एखाद्या पाड्यावरून बाई बाळंतपणासाठी निघते, तेव्हा तिच्या वाटेवर बरीच माणसं उभी असतात. आशाताई तिला उपकेंद्रात आणते. तिथे एएनएम सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी असतात. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र लागतं. तिथे वैद्यकीय अधिकारी असतात, पण रात्रीची वेळ असेल तर बहुधा एकटी सिस्टर आणि सफाई कर्मचारी मामा एवढीच माणसं जागी. गरज पडली तर अभोण्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा कळवणचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथेही भागलं नाही तर नाशिकचा सुमारे पाऊणशे किलोमीटरचा रस्ता. या वाटेवरची गाडी, औषधं, खाटा यांची मोजदाद दर महिन्याला होते. पण याच वाटेवर पाच-सहा वेळा तरी एका माणसाला दुसऱ्या माणसाशी, आणि बहुतेक वेळा आपल्यापेक्षा वरच्या माणसाशी, काहीतरी बोलावं लागतं. ‘मॅडम, हिला थांबवू नका, आत्ताच पुढे पाठवा.’ ‘सर, तुम्ही एकदा येऊन बघा.’ ‘सिस्टर, तुम्ही नोंदवलेलं बी.पी. मला बरोबर वाटत नाही.’ ही वाक्यं उच्चारली जातात की तोंडातच राहतात, यावर त्या बाईचं पुष्कळ काही ठरतं. त्याची मोजदाद मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

ही पुस्तिका त्या वाक्यांविषयी आहे. पेशंटशी आणि नातेवाइकांशी कसं बोलावं यावर आता पुष्कळ लिहिलं-शिकवलं जातं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचे वेगळे तास आले. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्याच जिल्ह्यात आहे. परंतु त्या तासांचा मुख्य भर पेशंटवर आहे. एका सिस्टरने दुसऱ्या सिस्टरला तिची चूक कशी दाखवावी, काल रुजू झालेल्या डॉक्टरने वीस वर्षं नोकरी झालेल्या फार्मासिस्टला नाही कसं म्हणावं, आशाताईने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर आपली अडचण कशी मांडावी, हे कोणी शिकवत नाही. ते ज्याचं त्याने ठेचा खात शिकायचं असतं. त्यातल्या काही ठेचा पेशंटला लागतात, म्हणून हा विषय स्वभावावर सोडून देता येत नाही.

एक प्रसंग धरून चालू. रात्रीचे अडीच. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिलटकरीण दाखल आहे, नववा महिना भरलेला. सिस्टर बी.पी. घेते, १६०/११० येतं. बाई म्हणते डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते. सिस्टर क्वार्टरवर फोन लावते. फोन उचलला जातो तो आवाजातल्या त्रासासकट. सिस्टर म्हणते, “सर, सॉरी, झोपेतून उठवलं. ती संध्याकाळची पेशंट आहे ना, तिला जरा बरं वाटत नाहीये. बी.पी. थोडं जास्त वाटतंय.” पलीकडून येतं, “बघू सकाळी, तोवर लक्ष ठेवा.” फोन बंद.

इथे कोणी कामचुकार नाही. डॉक्टर दिवसभर ओपीडी काढून, संध्याकाळी आश्रमशाळेची तपासणी करून झोपलेत. सिस्टरला आजार कळलेला आहे. पण तिने तो ‘जरा’, ‘थोडं’, ‘वाटतंय’ यांत इतका गुंडाळून दिला की ऐकणाऱ्याला धोका दिसलाच नाही. असं का बोलली ती? कारण गेल्या वेळी स्पष्ट बोलली तेव्हा ‘डॉक्टर तुम्ही आहात की मी?’ हे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं.

तोच फोन असाही होऊ शकतो: “सर, प्रसूतिगृहातून बोलतेय. पहिलटकरीण, नववा महिना. बी.पी. १६०/११०, दोनदा घेतलं. डोकं दुखतंय, अंधारी येतेय. मला झटक्यांची भीती वाटते. मॅगसल्फचा पहिला डोस देते आणि १०८ ला फोन करते. तुम्ही येता का?” अर्ध्या मिनिटाचं बोलणं. पेशंट कोण, झालंय काय, मला काय वाटतं, मला काय हवं, असा हा क्रम अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून तिथल्या रुग्णालयांत आला आणि आज जगभर शिकवला जातो. यात सिस्टर अधिकार ओलांडत नाही. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पेशंट पुढे पाठवायची मुभा केंद्र सरकारच्या प्रसूती-प्रशिक्षणाने एएनएमलाही दिलेली आहे. मुभा कागदावर असते, ती वापरायची हिंमत मात्र शेजारच्या माणसांच्या वागण्यातून येते.

हे आपल्याच मागासपणातून येतं असं कोणी समजू नये. २००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली नावाच्या तरुण आईला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली आणि श्वासमार्ग बंद झाला. अनुभवी डॉक्टर खोलीत होते. ते नळी घालायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले आणि वेळ किती गेला याचं भान सुटलं. गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा करायचं साहित्य एका नर्सने आणून ठेवलं होतं, तसं सांगितलंही होतं. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली, पण खोलीतल्या नजरा पाहून ती परत रद्द केली. काय करायला हवं हे त्यांना कळत होतं, ते डॉक्टरांच्या कानापर्यंत कसं पोचवावं ते कळत नव्हतं. एलेन वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन वैमानिक होते. कनिष्ठाने वरिष्ठाला टोकण्याचं शिक्षण विमान कंपन्या आपल्या माणसांना रीतसर देतात हे त्यांना ठाऊक होतं. रुग्णालयात तसं काहीच नाही हे पाहून ते हादरले. सूड न धरता त्यांनी पुढची वर्षं हा विषय ब्रिटनच्या आरोग्यसेवेत रुजवण्यात घातली. आपल्याकडच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ही हकीकत एकदा तरी वाचली जावी, असं मला मनापासून वाटतं.

याच विचाराचा एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी तयार केली. पेशंटचं नाव, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविक दिलं का, असे मुद्दे त्यात आहेतच. पण छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हाही एक मुद्दा आहे. वरवर औपचारिक वाटतो, पण ज्याने एकदा त्या खोलीत तोंड उघडून आपलं नाव सांगितलं, तो अडचणीच्या क्षणी पुन्हा तोंड उघडण्याची शक्यता वाढते. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना तीच यादी लावण्यात आली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. मी याचा अर्थ असा लावतो, की यादी वरून आली, खुणा झाल्या, पण माणसं एकमेकांशी बोलायला लागलीच असं नाही. दुपारी चार वाजता बसून दिवसभराच्या सगळ्या रकान्यांत एकदम बरोबरच्या खुणा करणं आपल्याला नवीन नाही.

आता आपल्याकडे अवघड गोष्ट बोलायच्या ज्या दोन रीती पडल्या आहेत, त्यांकडे येतो. पहिली झापण्याची. आढावा बैठकीत उभं करायचं, आकडा कमी का म्हणून सगळ्यांदेखत विचारायचं आणि उत्तर अर्धं असतानाच ‘कारणं सांगू नका’ म्हणून बसवायचं. दुसरी कागदाची. मेमो काढायचा, तीन दिवसांत खुलासा मागवायचा, खुलासा ‘समाधानकारक नाही’ असा शेरा मारून फाइलला लावायचा. दोन्हींत बोलणं होतच नाही. पहिल्यात एकच माणूस बोलतो, दुसऱ्यात दोघेही पुढच्या चौकशीच्या तयारीने लिहितात. मेमोला जागा आहे, ती मी नाकारत नाही. वारंवार गैरहजर राहणाऱ्याला, पैशांत गडबड करणाऱ्याला कागदच द्यावा लागतो. पण लसींच्या तापमानाची नोंद दोन दिवस राहून गेली म्हणून जिथे ‘काय झालं सिस्टर?’ एवढं विचारून भागलं असतं, तिथे सरळ मेमो जातो, तेव्हा तिसऱ्या दिवसापासून नोंद नियमित होते आणि खोटी होते.

ही झापण्याची रीत वरून खाली झिरपते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात थोड्या तासांत अनेक पेशंट दगावले. लोकांचा संताप रास्त होता. त्या संतापात एका खासदाराने कॅमेऱ्यांसमोर तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं. औषधं का नव्हती, माणसं किती कमी होती, पेशंट कुठून आणि किती उशिरा आले, हे प्रश्न त्या चित्राखाली दबले. पुढे त्यावरून गुन्हाही नोंदवला गेला. पण राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयात ते चित्र पोचलं होतं, आणि वाईट बातमी सांगणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

वाईट बातमी वर जाणं थांबलं की काय होतं, हे महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी इतर स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन राज्यातले बालमृत्यू गावोगावी मोजले. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाने तो अहवाल आला आणि सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी जास्त असल्याचं त्यातून पुढे आलं. पुढे सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोंदी का राहतात याला अनेक कारणं आहेत. घरातच मूल जातं, कुटुंब द्राक्षबागांत किंवा गुजरातेत मजुरीला गेलेलं असतं. पण खालच्या माणसाच्या मनातली भीती हे त्यातलं मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे. मृत्यू नोंदवला की चौकशी माझी होणार, नाही नोंदवला तर कोणी विचारणार नाही. अशा हिशोबात प्रामाणिक माणूससुद्धा हळूहळू गप्प बसतो. कळवण, सुरगाणा, पेठ या पट्ट्यात, जिथे कुपोषण आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते आजही आहेत, तिथे ही गप्प बसण्याची सवय जिवावर बेतते. मातामृत्यूच्या अन्वेषणाच्या सरकारी सूचनांमध्ये हेतू दोषी शोधण्याचा नसून उणीव शोधण्याचा आहे, असं स्पष्ट आहे. बैठकीत मात्र पहिला प्रश्न ‘ड्यूटीवर कोण होतं?’ हाच येतो.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांच्या वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. ज्या वॉर्डातली प्रमुख नर्स चांगली, सहकारी एकजुटीचे, तिथे चुका कमी नोंदल्या जातील असं त्यांना वाटलं होतं. निघालं उलटं, तिथे नोंदी जास्त होत्या. तिथली माणसं चूक लपवत नव्हती. आढावा घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवावं. ज्या केंद्राच्या अहवालात कधीच काही बिघडत नाही, तिथे आधी भेट द्यावी.

या पुस्तिकेतलं सर्वात मोठं प्रकरण उपकेंद्रातल्या जोडीवर आहे, आणि ते मोठं असणं योग्यच आहे. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. महाराष्ट्रात ते बहुतांशी बीएएमएस झालेले, वयाने तरुण आणि कंत्राटी. तिथे आधीपासून एएनएम सिस्टर आहेत. त्यांनी पंधरा-वीस वर्षं तेच पाडे पायी तुडवलेले, घरोघरच्या सुना-मुली नावानिशी ठाऊक, कोणाशी मराठीत बोलायचं आणि कोणाशी कोकणा बोलीत, हे अंगवळणी पडलेलं. नव्या अधिकाऱ्याच्या पगाराचा एक हिस्सा कामगिरीवर अवलंबून, आणि त्या कामगिरीतलं बरंचसं काम सिस्टर आणि आशाताईंच्या पायांनी होणारं. वरिष्ठ कोण, लॉगिन कोणाचं, रात्रीच्या बाळंतपणाला कोण उठणार, हे शासननिर्णयात कितीही स्पष्ट असलं तरी त्या दोन खोल्यांच्या इमारतीत रोज नव्याने ठरतं.

अशा ठिकाणी भांडण क्वचितच होतं. अबोला होतो. सिस्टर रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली घेऊन जातात, डॉक्टर ॲपवर आपल्यापुरती माहिती भरून मोकळे होतात, आणि आशाताई दोघांकडे वेगवेगळं सांगून वेळ निभावते. जोखमीच्या गरोदर मातेचं नाव एका यादीत असतं, दुसऱ्या यादीत नसतं. पुस्तिकेत सुचवलेलं बोलणं असं सुरू होतं: “सिस्टर, मला पाच मिनिटं हवीत, दार लावून. गेल्या महिन्यात तीन मातांची नावं माझ्या यादीत आली नाहीत. मी आल्यापासून तुमचं काम वाढलंय, असं तुम्हाला वाटतं का?” यात आधी घडलेली गोष्ट आहे, आरोप नाही, आणि शेवटी खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ऐकायला कडू असू शकतं. ‘हो, वाटतं. सही तुमची, चालणं माझं’ असं सिस्टर म्हणाल्या तर तिथेच न चिडता थांबणं, हे या सगळ्या विद्येतलं सर्वात कठीण अंग आहे. ‘तुम्ही नेहमीच’ आणि ‘तुम्हाला काही सांगायचं म्हणजे’ ही दोन सुरुवातीची वाक्यं जरी आपण सोडली, तरी निम्मी भांडणं पेटणार नाहीत.

आपल्या दवाखान्यांत सफाई कर्मचाऱ्याला मामा आणि आयाला मावशी म्हणायची पद्धत आहे. त्यात माया आहे, ती टिकावी. पण मामांना नात्याने हाक मारणाऱ्या कितीजणांना त्यांचं नाव माहीत असतं? मावशी म्हणाल्या, ‘डॉक्टर, ती कोपऱ्यातली बाई रात्रीपासून पाणी पीत नाही’, तर तो पेशंटविषयीचा निरोप म्हणून किती ठिकाणी नोंदला जातो? वॉर्डात सर्वात जास्त वेळ थांबणारी माणसं तीच आहेत.

एक मर्यादा इथे स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक त्रासाला ‘अवघड संवाद’ म्हणता येत नाही. जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवलं. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळत होत्या असा कुटुंबाचा आरोप होता. तीन डॉक्टरांना अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलीला ‘तू नीट बोलून बघ’ म्हणणं क्रूरपणा आहे. जातीवरून, लिंगावरून, नव्या असण्यावरून होणाऱ्या छळाला महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आणि त्याखालची समिती आहे. बोलण्याची कला दोघांमध्ये थोडा तरी समतोल असतो तिथली आहे. कळवणसारख्या तालुक्यात, जिथे बदलून आलेले अधिकारी बहुधा बाहेरचे आणि आशाताई, अंगणवाडीताई, मामा बहुधा स्थानिक आदिवासी समाजातले, तिथे ही सीमारेषा प्रत्येक वरिष्ठाने आपल्या मनाशी रोज तपासावी. पुस्तिकेच्या लेखकांनी यासाठी वेगळं प्रकरण ठेवलं आहे आणि तक्रार कुठे, कशी करायची ते सविस्तर दिलं आहे. माझ्या मते ते प्रकरण आधी वाचावं.

वाचण्याबद्दल एक सूचना. ही पानं घरी नेऊन एकट्याने वाचण्यासाठी नाहीत. मासिक बैठकीच्या दिवशी सगळे जमतात, तेव्हा त्यातला एक संवाद दोघांनी उभं राहून करून पाहावा. वैद्यकीय अधिकाऱ्याने रात्रीच्या सिस्टरची भूमिका घ्यावी, सिस्टरने फोन उचलणाऱ्या डॉक्टरची. आरंभ वरिष्ठाने करावा, कारण ‘मला टोकलंत तरी चालेल’ हे वाक्य खालच्याने म्हणून उपयोग नाही. आणि पुढच्या वेळी कोणी खरंच टोकलं, ते टोकणं चुकीचं निघालं, तरी ‘बरं केलंत विचारलंत’ एवढं त्याच माणसांसमोर म्हणावं. पुढचे सहा महिने माणसं बोलणार की गप्प राहणार, हे त्या एका उत्तरावर ठरतं.

एक प्रश्न मात्र कुठल्याही संवादाने सुटणारा नाही. या यंत्रणेतली कितीतरी माणसं राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर आहेत, आणि नोकरी कायम व्हावी म्हणून त्यांना वारंवार संपावर जावं लागलं आहे. भरारी पथकातले मानसेवी डॉक्टरही वर्षानुवर्षं असेच आदिवासी भागात राबत आले. ज्या अधिकाऱ्याच्या अहवालावर पुढच्या वर्षीची नेमणूक अवलंबून, त्याला ‘सर, हे चुकतंय’ म्हणायला सांगणं म्हणजे कंत्राटी माणसाकडून पोटावर पाय घेण्याचं धैर्य मागणं आहे. तेव्हा जिल्हा पातळीवर एवढं तरी ठरावं: पेशंटच्या सुरक्षेसाठी कोणी हरकत घेतली तर ती लेखी नोंदवली जाईल, आणि नूतनीकरणाच्या वेळी ती नोंद त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने धरली जाईल. यासाठी ना नवी इमारत लागते ना निधी. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या सहीचं एक परिपत्रक लागतं, आणि ते निघावं अशी मागणी मी या प्रस्तावनेतून जाहीरपणे करतो.